ओल्या हाताला तेल

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. कलेक्टर आले, त्यांच्यामागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब लोक आले. गाव फुगलं आणि पाणी आटलं. पावसानं ओळीनं दुसऱ्या साली दगा दिला होता. नळाचा भरवसा उरला नव्हता. बोळाच्या तोंडाशी टँकर थांबला की बायका घागरी, बादल्या, तेलाचे रिकामे डबे, हाती लागेल ते घेऊन पळायच्या. टँकर हुकला तर बोअरचं पाणी. ते पाणी जड. डाळीच्या गिरण्यांचं गाव, पण त्या पाण्यात डाळ काही केल्या शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही.

हा फेस रजियाच्या धंद्याला लागायचा.

रजिया मनियारांच्या घरची सून. गोलाईच्या बाजारपेठेमागच्या बोळात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. नवरा नासिर हैदराबादेहून माल आणायचा. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरायचं काम पूर्वी सासूचं, अमीरबीचं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं ते रजियाकडे आलं. बाई दुकानाची पायरी चढतानाच रजिया तिच्या हाताचं माप ओळखायची. मग हात आपल्या मांडीवर घ्यायचा, साबणाचा फेस लावायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून पंजा निमुळता करायचा आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर उतरवायची. गिऱ्हाईक "आई गं" म्हणेपर्यंत डझन भरून झालेला असायचा. साहेबांच्या बायकाही तिचं नाव काढून यायला लागल्या होत्या. "त्या रजियाबीचा हात लई हलका हाय," असं गावात म्हणायचे.

बोअरच्या पाण्याला फेस येईना म्हणून ती साबण दुप्पट घासू लागली. दुकानात अंगाचा साबण परवडेना, म्हणून कपड्याच्या साबणाची वडी आणली. दिवसभर हात त्या पाण्यात भिजायचे आणि वाळायचे, पुन्हा भिजायचे आणि वाळायचे. घरी आल्यावर राखेनं भांडी आणि सोडा घालून धुणं होतंच.

दिवाळी झाली, थंडी पडली, कोरडा वारा सुटला. रजियाच्या हाताच्या पाठीवर आधी पांढुरकी भुकटी दिसू लागली. नखानं रेघ ओढली की पाटीवर उठावी तशी उठायची. मग खाज आली. मग बोटांच्या पेरांवर कातडी ताठ झाली आणि एके दिवशी भाकरी थापताना मूठ मिटली तर पेरावर चिरा पडून रक्त आलं. परातीतल्या पिठाला लाल ठिपका लागला. तिनं तेवढं पीठ काढून टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

तिला वाटलं, ही घाण आहे. बाजारातल्या नोटा, चिल्लर, दहा घरचे हात. त्यातलंच काहीतरी चिकटलं असणार. म्हणून ती हात जास्तच धुवायला लागली. पाणी कढत घ्यायची, कारण कढत पाण्यानं खाज घटकाभर दबायची. विटेच्या तुकड्यानं पापुद्रे घासून काढायची. लिंबू पिळून चोळायची, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. घासून झालं की हात लालसर, गुळगुळीत दिसत. तिला बरं वाटे. दुपारपर्यंत चिरा पहिल्यापेक्षा खोल झालेल्या असत.

माघात लग्नसराई सुरू झाली. डाळमिलवाल्या सिद्रामप्पांच्या नातीचं लग्न होतं आणि चुडा भरायला रजियाला घरी बोलावणं आलं. या घरी अमीरबीनं तीन पिढ्यांचे चुडे भरले होते. सोप्यात सतरंजी अंथरलेली, नवरी मध्ये बसलेली, भोवती मावश्या, माम्या. रजियानं पेटी उघडली, हिरव्या बांगड्यांच्या माळा मांडल्या आणि नवरीचा हात हातात घेतला.

नवरीनं हात आखडला. मोठ्या सुनेनं, म्हणजे नवरीच्या आईनं, ते पाहिलं. ती जवळ येऊन वाकली.

"रजियाबी, हात दाखव बघू तुझा."

रजियानं पदर हातावर ओढला. "थंडीनं उललंय, वहिनी. दरसाल उलतं."

"थंडीनं आमचंबी उलतं. असं न्हाई उलत." तिनं मागं सरकून आवाज खाली केला, पण सोप्यात सगळ्यांना ऐकू गेलं. "ह्ये बघ, मनाला लावून घेऊ नको. पण लगीनघर हाय. तू माल ठिवून जा. भरायला आमी दुसरी बगतो."

रजियानं माळा तशाच ठेवल्या, पेटी मिटली. पायरी उतरताना मागून कुणीतरी "महारोग" असं म्हटलेलं तिच्या कानावर पडलं. वळून पाहायचं धाडस झालं नाही.

गावात बातमी जायला कुणाला पाठवावं लागत नाही. आठवडाभरात दुकानात येणाऱ्या बायका बांगड्या पसंत करायच्या, कागदात बांधून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घरीच भरून घेते मी." काही जणी बोळाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेल्या. अमीरबीनं पुन्हा भरायला बसायचं ठरवलं, पण डोळ्याला दिसेना. पहिल्याच दिवशी एका शाळकरी पोरीच्या हातात बांगडी वाढली आणि काच तळव्यात शिरली. पोर रडली, तिची आई बोलून गेली. अमीरबीनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

रजिया आता एकटी असली की एक गोष्ट करायची. गोधडी शिवायची सुई घ्यायची, डोळे मिटायचे आणि हाताच्या पाठीवर टोचायची. तिनं ऐकलं होतं की त्या रोगात कातडी मरते, टोचलेलं कळत नाही. सुई टोचली की कळ यायची. कळलं. मग शंका यायची, की सुई आपल्याच हातात आहे म्हणून कळलं असेल. पुन्हा टोचायची. हाताच्या पाठीवर बारीक बारीक लाल ठिपके झाले. तिनं नासिरच्या ताटात वाढायचं बंद केलं. भाकरी टोपल्यात ठेवून बाजूला व्हायची. लेकीची वेणी घालणं जावेवर सोपवलं. नासिरनं विचारलं तर म्हणाली, "हात दुखत्यात."

शेजारच्या सरजाबाईनं एक दिवस तिला भांडी घासताना पाहिलं. सरजाबाई मनानं चांगली. "अगं, भेगांना बिब्ब्यासारखं औषद न्हाई," ती म्हणाली. "माझ्या टाचा अशा उलल्या होत्या की त्यात बोट बसावं. बिब्बा तापवून त्याचं तेल सोडलं. बुजल्या सगळ्या."

टाचेची कातडी जाड आणि हाताच्या पाठीची पातळ, हा फरक त्या दोघींच्याही ध्यानात आला नाही. रजियानं बिब्बा विस्तवावर धरला आणि काळं तेल पेरांवर सोडलं. संध्याकाळपर्यंत हात टम्म सुजले. दुसऱ्या दिवशी मोठमोठे फोड आले आणि ते फुटून पाणी वाहायला लागलं. डोळ्यांच्या पापण्याही सुजल्या, कारण झोपेत तोच हात तोंडाला लागला होता. अमीरबीनं तिचं तोंड चाचपून पाहिलं आणि लेकाला हाक मारली.

"नासिर! ऊठ. रिक्षा आण. हिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा."

"नक्को, अम्मा," रजिया म्हणाली. "तिथं नाव लिवून घेत्यात. एकदा का त्या रोगाचं नाव लागलं—"

"लागू दे. नाव लागलं तर औषद तरी लागंल. घरात बसून हात सडवतीस का?"

दवाखान्यात मोठी रांग होती. जिल्हा झाल्यापासून उदगीर, निलंगा, औसा सगळीकडून माणसं इथंच यायची. शेषेराव नावाचे कातडीच्या रोगांचे डॉक्टर होते, वयानं तरुण, कपाळावर आठ्या, पण बोलायला घाईचे नव्हते. त्यांनी हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले. बिब्ब्याचं ऐकून नुसतं "हं" म्हटलं. मग रजियाच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटती?"

रजियानं नासिरकडे पाहिलं. नासिरनंच मान खाली घालून सांगितलं. तोवर बायकोच्या मनात हे होतं हे त्याला माहीत नसल्यासारखं तो वागत होता. माहीत त्यालाही होतं.

"मग आधी तेच बघू," डॉक्टर म्हणाले. "डोळे मिटा. कापूस लागला की तिथं बोट ठेवायचं."

रजियानं डोळे मिटले. कापसाची वात मनगटावर लागली. तिनं बोट ठेवलं. कोपराजवळ लागली, बोट ठेवलं. फोड नव्हते तिथे, बोटांच्या टोकांवर, कानाच्या पाळीवर, पायावर लागली. ती दर वेळी बरोबर दाखवत गेली. मग गार आणि कोमट पाण्याच्या नळ्या लावून झाल्या. कोपरामागची नस डॉक्टरांनी दाबून पाहिली. अंगावर कुठं बधिर चट्टा आहे का, ते नर्सनं पडद्याआड नेऊन पाहिलं.

"उघडा डोळे. हा तो रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि असता तरी घाबरायचं कारण नव्हतं, त्यावर आता चांगल्या गोळ्या आहेत. पण तुम्हाला तो नाही. तुमची कातडी कोरडी पडलीय आणि तिच्यावर तुम्ही सगळ्यांनी मिळून हल्ला केलाय."

रजियाला रडू फुटलं. सुजलेल्या पापण्यांतून पाणी नीट येईनाही. ती रडून घेईपर्यंत डॉक्टर थांबले आणि मग सांगू लागले. कातडीला तिचं स्वतःचं तेल असतं, ते आतली ओल धरून ठेवतं. साबण ते तेल धुऊन नेतो. एकदा नेलं तर पुन्हा येतं. पण दर गिऱ्हाइकाला साबण लावला तर त्याला परत यायला सवडच राहत नाही. तेल गेलं की ओल उडते, कातडी आक्रसते, तडकते, आणि त्या चिरांतून पुढचा साबण आत शिरतो. म्हणून आग होते. कढत पाणी, लिंबू, वीट, सोडा ही सगळी त्याच वाटेची मंडळी. फोडांसाठी त्यांनी औषध दिलं आणि एक मलम दिलं. "हे सूज उतरेपर्यंतच लावायचं. गुण आला म्हणून मनानं वर्षभर लावत बसायचं नाही, त्यानं कातडी पातळ होती. पुढचं सगळं घरच्या निगराणीवर आहे. ते सिस्टर सांगतील."

सिस्टर म्हणजे धुरपताबाई. पस्तिशीची, उंच, सावळी बाई. मूळची नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची. बाबासाहेबांनी धम्म दिला त्या साली ती शाळेत जायला लागली आणि गावातली पहिली नर्स झाली. लातूरला नवा जिल्हा म्हणून बदलीवर आली होती. तिनं रजियाचे फोड साफ केले, पट्टी केली आणि आपला हात तिच्यापुढे धरला.

"ह्ये बघ. मीबी दिवसातून शंभरदा हात धुते. माझेबी असेच झाले होते."

धुरपताबाईचा हात राठ होता, पण अखंड होता. कुठं चीर नव्हती.

"काय करता तुमी?"

"सोपं हाय, पण रोज करावं लागतं. पाणी कोमट घ्यायचं, कढत न्हाई. साबण लागंल तिथंच, तोबी अंगाचा. हात घासून पुसायचे न्हाईत, फडक्यानं टिपायचे. अन् टिपल्या टिपल्या, अजून ओलसर हायत तवर, तेल न्हाई तर व्हॅसलीन लावायचं. हात वाळून ठणठणीत झाल्यावर लावलं तर ते नुसतं वर वर राहातं. रांजणात पाणी हाय तवर झाकण घालायचं; पाणी उडून गेल्यावर झाकण घालून काय उपेग?"

"बांगडी भरायला साबण लागतो की, सिस्टर."

धुरपताबाईनं पट्टीचं सामान आवरलं. "ते तुझ्या धंद्याचं तू बघ. मला बांगडी भरता येत न्हाई. पण साबण सोडावा लागंल."

फोड बसायला पंधरवडा गेला. पट्टीसाठी रजिया एकाआड एक दिवस दवाखान्यात जायची आणि धुरपताबाई रोज काहीतरी एक विचारून घ्यायची. धुणं कोण धुतंय? जाऊ धुतीय. भांडी? मी, पण पिशवी घालून. पिशवीच्या आत सुती फडकं घालतीस का? न्हाई. घाल, नुसत्या प्लास्टिकात घाम येतो, त्यानं खाज वाढती. नमाजाआधी वुजू करताना, हात-तोंड धुताना काय करतीस? साध्या पाण्यानं. मग त्यानंतर तेल? न्हाई लावत. लाव. झोपताना व्हॅसलीनचा जाड थर दे आणि नासिरचे जुने सुती मोजे हातात घाल. नासिरनं स्वतःच ते मोजे धुऊन, वाळवून दिले. करडईचं तेल घरात होतंच. त्याच्या घाण्यांचंच ते गाव.

अमीरबीला हे साबणाचं पटायला वेळ लागला. तिच्या मते जे झोंबत नाही ते औषधच नव्हे. पण सुनेच्या बोटांवरून रोज हात फिरवून ती तपासायची, आणि बोटांना जे कळलं ते तिनं मान्य केलं. "अब मऊ पडून राहिलंय," ती एक दिवस म्हणाली.

हात बरे झाले तशी रजियानं निगा सोडली. माणसाचं असंच असतं. फाल्गुनात वारा भणाणला आणि चार-सहा दिवसांत पेरं पुन्हा उलली. ती घाबरून धुरपताबाईकडे धावली. रोग पुन्हा उलटला म्हणाली.

"रोग न्हाई उलटला, तू उलटलीस," धुरपताबाई चिडून म्हणाली. "काल जेवलीस म्हणून आज चूल पेटवायची राहातीस का? तुझी कातडीच तशी हाय. काहींची असती. तिला रोज तेल घालावं लागतं. जलमभर."

"जलमभर?"

"केस इंचरतीस की जलमभर."

त्यावर रजियाला हसू आलं. त्यानंतर तिनं खंड पडू दिला नाही.

धंद्याचा तोडगाही तिला हळूहळू सापडला. आधी तिनं साबणाऐवजी तेल लावून पाहिलं. बांगडी चढायची, पण गिऱ्हाइकाचा हात तिच्या पकडीतून सटकायचा. घरातल्या घरात जावेच्या हातात भरताना बऱ्याच बांगड्या वाढल्या. मग हैदराबादच्या मालाला गुंडाळून येणारा पातळ प्लास्टिकचा कागद तिनं जावेच्या पंज्यावर चढवला, त्यावरून बांगडी सरकवली आणि कागद पुढून ओढून घेतला. बांगडी आपसूक मनगटावर आली. ना पाणी, ना साबण. जाऊ म्हणाली, "अय्यो, कळलंबी न्हाई!"

भरायची कला परत आली, पण हात पुढं करणारं कुणी येईना. डॉक्टरांनी काय सांगितलं ते नासिर बाजारात सांगत फिरला. लोक "हाव, हाव" म्हणायचे आणि बांगड्या कागदात बांधून न्यायचे. सिद्रामप्पांच्या घरून तर पुन्हा कधीच बोलावणं आलं नाही. रजिया दुकानात बसून माळा पुसायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी धुरपताबाई दुकानात आली. पांढऱ्या पातळावर नेहमीची पर्स. अमीरबी गल्ल्यापाशी बसली होती. धुरपताबाईनं तिला नमस्कार केला आणि रजियाला म्हणाली, "माझ्या भाचीचं लगीन हाय उमरीला. चुडा भरायला तुला यायचंय. एश्टीचं मी बघते."

रजियानं माळ खाली ठेवली. "सिस्टर, तुमाला म्हाईत हाय. लोक माझ्या हाताला हात लावू देत न्हाईत. तुमच्या पाहुण्यांत कुणाला कळलं तर लगीनघरात बोल लागंल."

"त्या हाताच्या पट्ट्या मी सोडल्यात, मला काय सांगतीस?" धुरपताबाई पायरीवर टेकली. तिनं एक माळ हातात घेतली. "माझी आई सांगायची. गावात बांगडीवाली यायची, पण आमच्या वस्तीत यायची न्हाई. शिवंवर उभं ऱ्हाऊन सुपात बांगड्या टाकायची. आमच्या बायकांच्या हाताला हात लावला तर वाड्यातल्या बायका तिला दारात उभं करणार न्हाईत म्हणून. आई आपल्या हातानं भरायची. एका हातानं दुसऱ्या हातात कशा भराव्यात? निम्म्या वाढायच्या. मनगटाला चरे होते तिच्या, मरंस्तोवर."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. रोग्याची हकिगत डॉक्टरला सांगावी तसं सांगत होती. पण गल्ल्यापाशी तसबीची माळ ओढणारा अमीरबीचा हात थांबला. तीही नांदेड, उमरी, माहूरपर्यंत पेटी घेऊन हिंडलेली बाई.  धुरपताबाई उठली तेव्हा अमीरबी म्हणाली, "ती येईल. मीबी येते."

दोघी सासू-सुना पेटी घेऊन एस. टी.नं उमरीला गेल्या. वाटेत दोन्ही बाजूंनी उघडी रानं आणि जागोजाग रोजगार हमीची कामं. उन्हात बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. लग्नघरात पोचल्यावर कळलं की इथल्याही निम्म्या बायका अशाच कामांवरच्या. लग्नासाठी एक दिवस काम बुडवून आल्या होत्या.

मांडवात पटकूर अंथरलं होतं, समोर पंचशीलाचा झेंडा आणि हार घातलेली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. नवरी पांढरं पातळ नेसून बसली. रजियानं तिचा हात धरला. नवरी तिच्या तोंडाकडे बघत निवांत बसली. कागद चढवला, बांगड्या सरकल्या, कागद ओढला. बायकांनी "अगं बाई!" केलं. मग करवल्या, मग चुलत्या, मग शेजारणी; हात पुढं येत राहिले.

सगळ्यात शेवटी नवरीची आईकडची आजी राहिली, चांगुणाबाई. ती हात पदराखाली घेऊन बसली होती.

"आजी, तुमचा हात?"

"नगं, बाय माझे. खडी फोडून लई खरबडे झाल्यात. तुला टोचतील."

रजियानं पदराखालून तो हात ओढून घेतला. तळवा तव्यासारखा काळा, बोटांच्या पेरांवर खोल चिरा, काहींत अजून खडीची धूळ. पाहताक्षणी तिला आपले माघातले हात आठवले. "झोंबतं का रात्री?" तिनं विचारलं.

"झोंबतं की. मीठपाण्यात बुडवून बसते."

"मीठ नगा घालू, आजी. कढत पाणीबी नगा." रजियानं घडवंचीवरचं तांब्याभर पाणी मागितलं आणि मग ओशाळली, त्या गावातही टँकरच होता. पण धुरपताबाईनं तांब्या आणून दिला. ओंजळभर पाण्यात तिनं आजीचा हात धुतला, पदरानं टिपला आणि ओलसर असतानाच पेटीतलं करडईचं तेल चोळलं. चोळता चोळता सांगत होती, बायका ऐकत होत्या. पाणी थोडकंच लागतं, त्यामुळं दुष्काळातबी जमतं. कामावरून आल्यावर एकदा, निजताना एकदा. टाचांनाबी असंच. चिरीत बिब्बा घालायचा न्हाई, तो माझा मी घालून बघितलाय. चट्टा बधिर वाटला, टोचलेलं कळंना, तर मात्र घरी बसायचं न्हाई, दवाखान्यात जायचं, भ्यायचं न्हाई.

"अन् तेल कुठलं आणावं?" एकीनं विचारलं. "भाजीत घालायला वासापुरतंबी मिळंना झालंय."

रजियानं आपल्या बोटावरचं तेल दाखवलं. "चार थेंब लागत्यात," ती म्हणाली. "भाजीतलं चार थेंब काढून ठिवा." बायका हसल्या. काही जणींनी मान डोलावली. काही जणींना ते जमणार नव्हतं हे तिलाही कळलं.

तेवढ्यात अमीरबी चाचपडत पुढं सरकली. "आजीचा चुडा मी भरते," ती म्हणाली.

"अम्मा, दिसत न्हाई तुमाला."

"हात दिसायला डोळे कशाला लागत्यात?"

तिनं चांगुणाबाईचा हात मांडीवर घेतला. दोघी एकाच वयाच्या. अमीरबीनं माप घ्यायला पंजा दाबला, मनगटावरून बोटं फिरवली आणि तिथली जुनी वणं तिला लागली असावीत, कारण ती बराच वेळ तिथंच थांबली. मग तिनं एक-एक बांगडी सावकाश चढवली. एकही वाढली नाही.

जेवणं झाल्यावर दोघी परतीच्या एस. टी.त बसल्या. पेटी हलकी झाली होती. धुरपताबाईच्या भावानं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. भोकरच्या अलीकडे अमीरबीनं ते फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "पावसाळ्याआधी पुन्हा एक चक्कर टाकू इकडं. बिलोलीकडूनबी जाऊ."

त्या उन्हाळ्यात त्यांनी खरंच पेटी घेऊन गावं धरली. दुष्काळी कामांवरच्या वस्त्यांत बांगड्या कमी विकल्या जायच्या, पण हात पुढं यायचे. पावसाळा सुरू झाल्यावर धुरपताबाईकडून ऐकून दवाखान्यातल्या नर्सा लातूरच्या दुकानात यायला लागल्या, त्यांच्या मागून साहेबांच्या बायका आल्या. एकीनं रजियाला विचारलं, "तुमच्या हाताला काहीतरी झालं होतं म्हणे?"

"झालं होतं," रजिया म्हणाली. "कोरडे पडले होते. द्या, डावा हात आधी द्या."